अनधिकृत इमारतीची बातमी लागत नाही, तेव्हा काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातल्या एका छोट्या मराठी दैनिकात तुम्हाला आठ महिने झाले. घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीला परवानगी नसल्याची बातमी तुम्ही दोनदा दिली, दोन्ही वेळा लागली नाही. तिच्या कॉपीचा, म्हणजे लिहून दिलेल्या मजकुराचा, एक भाग तुम्ही सोबत पाठवलाय. त्याच आठवड्यात त्या विकासकाची अर्धपान जाहिरात आली. वर दिवाळी अंकासाठी जाहिराती आणायचं टार्गेट तुमच्याही गळ्यात आहे. आपली लोकशाही अजून तरुण आहे म्हणून हे असंच चालायचं का, आणि नोकरी न सोडता काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

यात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे: बातमी जाहिरातीमुळे अडली. तसं असेलही. पण नव्या वार्ताहराची अशी कॉपी डेस्कवर पडून राहते, त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण साधं असतं. मुख्य उपसंपादकाला रात्री साडेदहाला ती वाचताना हातात पुराव्याचा कागद दिसत नाही. ‘स्थानिकांचा आरोप आहे’, ‘सूत्रांकडून कळते’, ‘अधिकाऱ्यांशी संपर्क होऊ शकला नाही’ एवढ्यावर उभी असलेली बातमी कुणी दाबावी लागत नाही, ती आपोआप मागे पडते. आणि याच कॉपीमुळे जाहिरात विभागाचंही काम सोपं होतं, कारण ‘बातमी कच्ची आहे’ हे खरंच असतं. पक्की बातमी थांबवायची तर कुणाला तरी स्वतःच्या तोंडाने ‘नको’ म्हणावं लागतं, आणि ते म्हणणं बहुतेक संपादकांना जड जातं. म्हणून माझं सांगणं एकच आहे: बातमी अशी बांधा की ती छापण्यापेक्षा थांबवणं महाग पडेल. कसं, ते पुढे सांगतो. पण आधी पैशाचं गणित समजून घ्या, नाहीतर दबाव नेमका कुठून येतो ते दिसणार नाही.

लोकशाही तरुण असतानाची एक गोष्ट मराठी वार्ताहराला ठाऊक असायलाच हवी. १९५६ च्या कायद्याखाली केंद्र सरकारने १९६० मध्ये आदेश काढला: अमुक किमतीला अमुक इतकीच पानं द्यायची. पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांत आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पानं देत होता. नव्या आदेशाप्रमाणे त्या किमतीत २४ पानंच देता आली असती. म्हणजे एक तर पानं कमी करा, नाही तर किंमत वाढवा. छोट्या वृत्तपत्रांना मोठ्यांपासून वाचवण्यासाठी हे करतोय, असं सरकारचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ते फेटाळलं. पानं, किंमत आणि जाहिरातीची जागा यांवर बंधन आणलं की खप आणि मजकूर दोन्ही घटतात, आणि तो थेट अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा घाला ठरतो, असा तो निकाल. पुढे १९७२-७३ च्या कागद धोरणातली दहा पानांची मर्यादाही न्यायालयाने याच धाग्याने रद्द केली. कागद आणि पानं यांचा हिशोब म्हणजेच स्वातंत्र्याचा हिशोब, हे तेव्हाच ठरलं. आज पानं मोजायला सरकार येत नाही. तो हिशोब जाहिरात विभागात होतो.

करून बघा. बारा पानी अंक म्हणजे कागदाची सहा पत्रं. पान साधारण ३५ बाय ५५ सेंटीमीटर आणि कागद ४५ जीएसएमचा (चौरस मीटरला ४५ ग्रॅम) धरला, तर एका अंकाचं वजन ५२ ग्रॅमच्या आसपास येतं. किलोला एकोणीस अंक. कागदाचा दर किलोला ५० रुपये धरा. तो डॉलरबरोबर आणि जहाजभाड्याबरोबर वरखाली होतो; २०१९ मध्ये आयात कागदावर १० टक्के सीमाशुल्क लागलं आणि पुढच्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आलं, एवढ्या फरकानेही छोट्या पेपरांचे महिन्याचे हिशोब हलतात. तर ५० रुपये दराने एका अंकाचा नुसता कागद २ रुपये ६० पैशांचा. अंकाची किंमत ४ रुपये असेल आणि एजंट व विक्रेता मिळून ३५ टक्के घेत असतील, तर पेपरच्या हाती उरतात तेही २ रुपये ६० पैसेच. शाई, प्लेट, वीज, पहाटेचा टेम्पो, परत आलेले अंक आणि तुमचा पगार, हे सगळं जाहिरातीतून निघतं. आकडे तुमच्या पेपरचे घालून पुन्हा मांडा, थोडे हलतील, चित्र तेच राहील.

मग जाहिरात कुणाची, हा प्रश्न उरतो. ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात तिचे चार-पाच झरे आहेत आणि प्रत्येकाचा दबाव वेगळा. विकासकाची जाहिरात मोठी असते, रंगीत असते, पहिल्या पानावर असते, आणि एका फोनने बंद होते. महापालिका, सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) यांच्या निविदा आणि सूचना नियमित असतात. विकास आराखड्यासारख्या काही सूचना तर वृत्तपत्रात देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पण कोणत्या पेपरला द्यायची ते त्यांच्या हातात, आणि बिल महिनोन् महिने टेबलावर ठेवणंही त्यांच्याच हातात. इथे कुणी धमकी देत नाही, नुसतं यादीतून नाव गळतं किंवा बिलावर शेरा पडतो. नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांचा दबाव तिसरा. तिथे पैसा एका माणसाचा नसतो, वॉर्डावॉर्डातल्या पन्नास कार्यकर्त्यांचा असतो, त्यामुळे एका नगरसेवकावरच्या बातमीने सगळी पुरवणी हलते. आणि शेवटी वकिलांच्या जाहीर सूचना, नाव बदलाच्या, हरवल्याच्या जाहिराती. या चिमुकल्या असतात, पण शेकडो लोकांच्या असतात, म्हणून त्यांच्याकडून दबाव जवळजवळ येतच नाही. ज्या छोट्या पेपरकडे असा बारीक धंदा जास्त, तो पेपर बातमीत मोकळा असतो, असं माझं निरीक्षण आहे.

म्हणून पहिलं काम: मागच्या महिन्याचे अंक काढा, पट्टी घ्या आणि मोठ्या पाच जाहिरातदारांची जागा चौरस सेंटीमीटरमध्ये मोजा. अर्धपान म्हणजे ३३ गुणिले २५, म्हणजे ८२५. एकाच जाहिरातदाराकडे एकूण जाहिरात जागेचा पाचवा हिस्सा किंवा जास्त असेल, तर त्याच्याविरुद्धची बातमी तुमच्या पेपरात कठीणच जाणार, हे धरून चाला. तुमचा विकासक त्या पाचांत नसेलच, तर जाहिरातीचा संशय बाजूला ठेवा आणि कॉपीकडे बघा. मालक स्वतःच बांधकाम व्यवसायात किंवा राजकारणात असेल, तर मात्र हे मोजमाप निरुपयोगी आहे. तिथे कोणत्या विषयाला हात लावायचा नाही हे सगळ्यांना न सांगता माहीत असतं.

आता बातमी. अनधिकृत बांधकामाच्या बातमीत पहिला प्रश्न असतो, नियोजन प्राधिकरण, म्हणजे तिथे बांधकामाला परवानगी देणारी संस्था, कोण? घोडबंदर रोडला बहुतेक ठिकाणी उत्तर सोपं आहे, ठाणे महापालिका. नवी मुंबईत याच प्रश्नावर बातम्या कोसळतात. वाशी, नेरूळ, ऐरोली नवी मुंबई महापालिकेत. खारघर, कामोठे, कळंबोली २०१६ पासून पनवेल महापालिकेत आणि जिल्हा रायगड. औद्योगिक पट्टा एमआयडीसीकडे. भूखंडाचा मूळ भाडेपट्टा बहुतेकदा सिडकोचा. चुकीच्या कार्यालयात विचारलं की ‘आमच्याकडे नोंद नाही’ असं अगदी खरं उत्तर मिळतं, आणि वार्ताहर तेच पुरावा म्हणून छापतो. दुसऱ्या दिवशी खुलासा येतो आणि तुमची पत जाते. गावठाणात आणखी जपून. ९५ गावांची जमीन शहरासाठी घेतली गेली, तिथली गरजेपोटीची घरं (गावकऱ्यांनी गरजेनुसार वाढवलेली) आणि साडेबारा टक्क्यांचे भूखंड (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळालेले) यांवर शासनाचे वेगळे निर्णय आहेत. प्रकल्पग्रस्ताच्या घराला आणि त्याच्या नावावर सात मजले चढवणाऱ्या ठेकेदाराला एकाच शब्दात तोलणं हा अन्याय आहे.

प्राधिकरण ठरलं की कागद या क्रमाने गोळा करा. जमिनीचा सर्व्हे किंवा गट क्रमांक आणि सातबारा. हे ऑनलाइन मिळतं. मग महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प शोधा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर विकायच्या आधी नोंदणी लागते, आणि नोंदणी असेल तर परवानगीचे कागद तिथेच चढवलेले असतात. ते उतरवून घ्या आणि महापालिकेच्या शहर विकास विभागाच्या नोंदीशी ताडून बघा. खोट्या परवानगीवर नोंदणी मिळवल्याची प्रकरणं डोंबिवलीत उघड झाली आहेत, तेव्हा संकेतस्थळावर कागद आहे म्हणजे तो खरा आहे असं समजू नका. त्यानंतर प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांना लेखी विचारा: या क्रमांकाच्या जागेवरील इमारतीला बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र दिलं आहे का, कधी, भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी) आहे का, एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम ५३ किंवा ५४ खाली अथवा महापालिका अधिनियमाच्या कलम २६० खाली नोटीस दिली आहे का, दिली असल्यास पुढे काय केलं. चारच प्रश्न. दहा विचारलेत तर एकाचंही उत्तर येत नाही.

नोटीस हा या बातमीचा कणा. बेकायदा इमारती नोटीस न देता सुटतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात नोटीस दिलेली असते आणि तिथेच थांबलेली असते. २०१३ च्या एप्रिलमध्ये मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला इमारत कोसळून ७४ माणसं गेली. अशा इमारतीची बातमी म्हणजे ‘परवानगी नाही’ एवढंच नव्हे, ‘परवानगी नाही हे कार्यालयाला अमुक तारखेपासून माहीत आहे आणि तरी स्लॅब पडत आहेत’ ही खरी बातमी. तारखा लागल्या की ती पहिल्या पानाची होते. स्लॅबचे फोटो आठवड्याच्या अंतराने, त्याच जागेवरून, मोबाइलमध्ये तारीख-स्थळ चालू ठेवून काढा.

माहिती अधिकाराबद्दल लोकांची अपेक्षा चुकीची असते. दहा रुपये शुल्क, तीस दिवस, उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, मग नव्वद दिवसांत दुसरं अपील माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. दुसऱ्या अपिलाला किती काळ लागेल याचा भरवसा नाही. म्हणजे पहिली बातमी यावर अवलंबून ठेवायची नाही, अर्ज टाकायचा तो पाठपुराव्यासाठी. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, हा नियम लक्षात ठेवा, अर्ज परत येण्याचं ते आवडतं कारण आहे. ‘माहिती द्यावी’ असं मोघम लिहिण्यापेक्षा फाइलची पाहणी मागा; पहिल्या तासाला शुल्क नाही आणि टिपणी पानं डोळ्यांनी दिसतात. अधिकाऱ्यांची किंवा मालकांची नावं मागितली की आता ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येण्याची शक्यता वाढली आहे, कारण २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदलून असा नकार सोपा केला. जनहिताचं कलम ८(२) शिल्लक आहे. अर्जातच त्याचा उल्लेख करा, आणि नाव मागण्याऐवजी पदनाम, नोटीस क्रमांक, तारीख मागा. बातमीला तेवढं पुरतं.

याला जोडून आणखी एक दबाव आहे, त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नवी मुंबईत मे २०२० ला आणि ठाण्यात मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक होईपर्यंत आयुक्तच प्रशासक होते. महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच. विरोधी नगरसेवक सभेपुढच्या प्रस्तावांचा गोषवारा हातात घेऊन भांडायचा, त्यातून अर्ध्या बातम्या निघायच्या; तो गोषवाराच वाटला जाईनासा झाला. सिडकोत तर निवडून आलेलं सभागृह कधी नव्हतंच, संचालक मंडळ आहे. अशा काळात तयार झालेली वार्ताहरांची पिढी प्रेस नोटवर वाढली. यात तिचा दोष नाही, पण सवय मोडायला हवी. प्रस्तावाचा क्रमांक मागा, ठराव मागा, निविदेच्या अटी स्वतः उतरवून वाचा.

कॉपी लिहिताना शब्द तोलून वापरा. ‘बेकायदा’ हा निष्कर्ष झाला. ‘परवानगीची नोंद महापालिकेकडे नाही, असे सहायक आयुक्तांनी ३ तारखेच्या पत्रात कळवले’ हे तथ्य. दुसरं वाक्य लांब आहे, पण ते न्यायालयात टिकतं. ‘आशीर्वादाने’, ‘संगनमताने’, ‘भूमाफिया’ हे शब्द मथळ्यातून आणि मजकुरातून काढा. चांगल्या बातम्या नोटिशीत अडकतात त्या बहुधा अशा एखाद्या विशेषणामुळे. विकासकाला प्रश्न लेखी पाठवा, ईमेल आणि व्हॉट्सॲप दोन्हींवर, क्रमांक घालून, निदान चोवीस तासांची मुदत देऊन. उत्तर आलं तर त्याचा गाभा बातमीच्या वरच्या निम्म्यात घ्या. नाही आलं तर कोणत्या तारखेला विचारलं ते लिहा. ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य कायमचं सोडून द्या.

अब्रुनुकसानीची नोटीस येईल, आणि तिच्यात कोटींचा आकडा असेल. त्या आकड्याला घाबरू नका, तो लिहायला खर्च येत नाही. फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, त्यात सत्य आणि लोकहित असा दुहेरी बचाव आहे. दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं. म्हणून वही, पत्रं, रेकॉर्डिंग, फोटो तीन वर्षं तरी जपा, आणि एक प्रत कार्यालयाबाहेर ठेवा. प्रसिद्धीआधीच मनाईहुकूम मिळवण्याचाही प्रयत्न होतो. दुसऱ्या बाजूला न ऐकता असा हुकूम अपवादानेच द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. नोटीस आली की स्वतः उत्तर देऊ नका, फोनवर ‘मिटवून टाकू’ म्हणू नका. संपादकांकडे द्या आणि दिल्याची पोच ठेवा.

आता तुमच्या टार्गेटचं. वार्ताहराने जाहिरात आणू नये, हे माझं मत पक्कं आहे. पण छोट्या पेपरात तुम्हाला ते नाकारता येईल का, हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्यावरून तुम्हाला दोष देणार नाही. निदान तीन गोष्टी पाळा. ज्या बीटची, म्हणजे नेमून दिलेल्या विषयाची, बातमी करता त्या बीटमधून जाहिरात आणायची नाही; महापालिका आणि बांधकाम तुमच्याकडे असेल तर सराफ, क्लासेस, मिठाईवाले बघा. रिलीज ऑर्डरवर (जाहिरात छापण्याच्या मागणीपत्रावर) सही करायची नाही आणि रोख रक्कम हातात घ्यायची नाही, फक्त जाहिरात विभागाला नाव द्यायचं. आणि बातमीसाठी ज्याला फोन केला त्याला त्याच महिन्यात जाहिरातीसाठी फोन करायचा नाही. या तिसऱ्याकडे दुर्लक्ष झालं की समोरचा माणूस तुमच्या प्रश्नाला खंडणी म्हणू शकतो, आणि तसे गुन्हे वार्ताहरांवर दाखल होतातही. तेव्हा तुमची पक्की बातमीसुद्धा तुमच्याच विरोधातला पुरावा ठरते.

धमकीबद्दल थोडक्यात. फोन आला की वेळ, क्रमांक आणि नेमके शब्द लिहून त्याच संध्याकाळी संपादकांना ईमेल करा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. हल्ला किंवा मोडतोड झाली तर तक्रारीत राज्याच्या २०१७ च्या माध्यमकर्मी संरक्षण कायद्याचा नावाने उल्लेख करा, नाहीतर अदखलपात्र नोंदीवर बोळवण होते. बांधकामाच्या जागी एकट्याने, अंधार पडल्यावर जाऊ नका.

सगळं करूनही बातमी लागली नाही तर? डेस्कला एका ओळीचा संदेश पाठवा: ‘कॉपीत काय कमी आहे?’ ‘का लागली नाही’ असं विचारू नका, त्याला कुणी उत्तर देत नाही. कमी सांगितलं तर ते भरून काढा. काहीच सांगितलं नाही तर उत्तर तुम्हाला मिळालं. मग बातमी लहान करा. ‘घोडबंदर रोडवरील इमारतीला महापालिकेची नोटीस’ अशी दीडशे शब्दांची, फक्त अधिकृत पत्रावर आधारलेली सिंगल कॉलम बातमी पाचव्या पानावर जाते, मोठ्या बातमीला अडवणारे लोक तिच्याकडे बघत नाहीत. ती एकदा छापली की विषय नोंदला गेला, पाठपुरावा करणं तुमचा हक्क झाला. दुसरा मार्ग, तोच विषय विधिमंडळात किंवा न्यायालयात आला की तिथून घ्या. सभागृहाच्या कामकाजाच्या खऱ्या वृत्तांताला संविधानाच्या अनुच्छेद ३६१-क चं संरक्षण आहे. बातमी गुपचूप दुसऱ्या पेपरला देण्याचा मोह होईल. तुम्ही पगारी असाल तर देऊ नका. कॉलमच्या हिशोबाने पैसे घेणारे स्ट्रिंगर असाल, तर संपादकांना लेखी विचारा, ‘आपण घेणार नसाल तर दुसरीकडे देऊ का?’ निम्म्या वेळा त्या प्रश्नानंतर ती आपल्याच पेपरात लागते.

तुमच्या कॉपीचा जो भाग तुम्ही पाठवलाय, त्यात सर्व्हे क्रमांक नाही, सहायक आयुक्तांना विचारल्याची तारीख नाही आणि ‘संगनमत’ हा शब्द दोनदा आहे. सोमवारी प्रभाग समितीत चार प्रश्नांचं पत्र द्या, आवक क्रमांक घ्या आणि त्याच दिवशी विकासकालाही लिहा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर आवक क्रमांकासह तसं लिहून तिसऱ्यांदा कॉपी द्या.